शाळूसोबत्यांनी दिलेली चांदी

मेळाव्यानिमित्त शाळेला काय भेट द्यावी यावर आपल्या ग्रुपवर दोन महिने खल चालला. कुणी चांदीचा मुलामा दिलेली समई सुचवली, कुणी प्रोजेक्टर. मला मात्र चार्ल्स कीन हा इंग्रज नट आठवत राहिला. दिवसभर संगणकावर कोड लिहिणारी मी. पण गॅदरिंगच्या नाटकांपासून लागलेली नटांची चरित्रे वाचायची खोड अजून सुटलेली नाही.

चार्ल्सचा जन्म 1811 चा, आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा. वडील एडमंड कीन म्हणजे शेक्सपिअरच्या भूमिकांनी लंडन हलवून सोडणारे नट. मुलाने रंगभूमीवर येऊ नये म्हणून त्यांनी त्याला ईटनसारख्या बड्या शाळेत घातले. तिथे तो तलवारबाजीत आणि नाव वल्हवण्यात तरबेज झाला. पण वडिलांचे व्यसन आणि एका प्रकरणाची कोर्टात झालेली बदनामी यांत घर मोडले. 1827 मध्ये सोळा वर्षांच्या चार्ल्सला ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती होऊन हिंदुस्थानात यायची संधी आली. आधी आईच्या पोटापाण्याची सोय करा, मगच जाईन, असे त्याने सांगितले. वडिलांनी ते मानले नाही. शाळा सुटली, आणि आईसाठी तो नट झाला.

1 ऑक्टोबर 1827 रोजी तो लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात उभा राहिला. वडिलांच्या नावामुळे गर्दी झाली, पण टीकाकारांनी त्याला सोलून काढले. मग गावोगाव फिरून तो काम शिकला. पुढे बापलेकांचा समेट झाला. 25 मार्च 1833 रोजी ‘ऑथेल्लो’त दोघे समोरासमोर होते. वडील ऑथेल्लो, मुलगा इयागो. तिसऱ्या अंकात वडील मुलाच्या अंगावर कोसळले. दोन महिन्यांच्या आत ते गेले.

1838 मध्ये ‘हॅम्लेट’ने चार्ल्सला यश दिले. चाहत्यांनी मेजवानी देऊन चांदीचा कलश भेट दिला. 1842 मध्ये अभिनेत्री एलन ट्रीशी लग्न झाले. 1850 ते 1859 या काळात प्रिन्सेस थिएटर चालवताना त्याने शेक्सपिअरच्या नाटकांतले पोशाख, शस्त्रे, वास्तू इतिहास धुंडाळून उभ्या केल्या. नऊ वर्षांची एलन टेरी 1856 मध्ये त्याच्याच नाटकातून प्रथम रंगमंचावर आली.

1862 मध्ये ईटनच्या शाळूसोबत्यांनी पुढाकार घेऊन त्याला सुमारे 2000 पौंडांचा चांदीचा संच अर्पण केला. समारंभाला अध्यक्ष होते ग्लॅडस्टन, तेव्हाचे अर्थमंत्री आणि ईटनचेच विद्यार्थी. नटाचा धंदा प्रतिष्ठित घरांत हलका मानला जाई, त्या काळातली ही गोष्ट. पुढे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचा दौरा करून आलेला चार्ल्स 1868 मध्ये वारला.

हे पुन्हा वाचल्यावर मी आपली यादी उघडली. ती आपण दहावीच्या निकालावरून केली होती. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण तिच्यात नव्हती. वडील गेल्यावर तिने नववीतच शाळा सोडली होती. नंबर शोधून मी तिला फोन केला. मला बोलावणं चालेल का, एवढेच तिने विचारले.

ती मेळाव्याला येते आहे. यादीत तिचे नाव मी हजेरीपटाच्या क्रमानेच घातले आहे, माझ्या नावाच्या आधी.