आनंदीबाई जोशी : भाषणात काय सांगाल?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, डॉ. आनंदीबाई जोशींवरचं मुलांचं भाषण तुम्ही ऐकलंच असेल. शेवट बहुधा ठरलेला : डॉक्टर होऊन परतल्या आणि आयुष्यभर गोरगरीब रुग्णांची सेवा केली. ऐकायला छान वाटतं, पण तसं घडलंच नाही.

३१ मार्च १८६५ चा जन्म. कल्याणची यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. गोपाळराव पोस्टात नोकरीला, बायकोला शिकवायचंच या हट्टाचे. (हा हट्ट तिला सोपा गेला असेल असं मात्र समजू नका.) चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. डॉक्टर व्हायचं तिने इथेच मनाशी घेतलं, असं सांगतात.

गोपाळरावांचं पत्र एका मासिकात वाचून अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी तिच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ साली, अठरा वर्षांची आनंदी नवऱ्याशिवाय बोटीने निघाली. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने जाहीर भाषण केलं आणि आपण का जातोय ते सगळ्यांना सांगितलं. आपल्या धर्मातच राहणार, हेही. ते श्रीरामपूर बंगालमधलं बरं का, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे! मुलं हमखास गोंधळतात.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईने निवडलेला विषय आहे हा. भाषणात याला एक वाक्य तरी द्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागावर नेमणूकही झाली होती. पण क्षय अमेरिकेतच जडला होता. त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांनी एकही रुग्ण तपासला नाही.

मग एखादा मुलगा विचारेल, बाई, मग त्या मोठ्या कशा? विचारू द्या. न केलेली सेवा आपण त्यांच्या नावावर चिकटवतो, तेव्हा केलेलं पुरेसं नव्हतं असंच नकळत सांगतो. मला ते पटत नाही. पुढे अनेक वर्षं डॉक्टरकी केली ती रखमाबाईंनी. त्यांचं श्रेय त्यांना द्यावं.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाचा दगड आजही आहे.