ब्लीचमध्ये ॲसिड का मिसळायचं नाही? उत्तर आहे २०० वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरच्या कामात

पांढऱ्या शर्टावर डाग पडला की ब्लीचची बाटली बाहेर येते. डाग गेला नाही की आणखी थोडं ओतलं जातं. एखादा त्यात टॉयलेट क्लीनरही घालून बघतो आणि दोन मिनिटांत खोकत बाथरूमबाहेर पळतो.

या खोकल्याशी क्लॉड लुई बर्थोलेची ओळख फार जुनी.

बर्थोले मूळचा डॉक्टर. जन्म १७४८ चा, आल्प्सच्या कुशीतल्या सव्हॉय प्रांतातला. तुरिनमध्ये वैद्यकी शिकून तो पॅरिसला आला आणि रसायनशास्त्राच्या नादी लागला तो कायमचाच. १७८४ मध्ये त्याच्याकडे गोबलँ या शाही कारखान्याच्या रंगकामाची देखरेख आली.

तेव्हा कापड पांढरं करणं म्हणजे डोक्याला ताप. राखेच्या पाण्यात उकळा, आंबट ताकात भिजवा, कुरणावर उन्हात पसरा, मग पुन्हा पहिल्यापासून. यात महिने जायचे.

स्वीडनच्या कार्ल शीलेनं १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला होता. त्यानं फुलापानांचे रंग उडतात हेही पाहिलं होतं. मग कापडाचा पिवळेपणा का नाही जाणार? १७८५ मध्ये बर्थोलेनं क्लोरीन विरघळवलेल्या पाण्यात कापड बुडवलं. महिन्यांचं काम दिवसांवर आलं.

पण द्रावण कडक झालं की डागासोबत धागाही खलास. म्हणून बर्थोले द्रावण पातळ ठेवायचा, कापड थोडा वेळच बुडवायचा, मधेमधे क्षाराच्या पाण्यात धुवायचा. आजही ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळायचं आणि मगच कपडे घालायचे, ते यासाठीच. लोकर आणि रेशीम मात्र त्याच्या जवळही न्यायचं नाही.

दुसरी अडचण वासाची. क्लोरीनच्या पाण्यातून वायू सुटायचा आणि कामगार गुदमरायचे. पाण्यात क्षार घातला की वास कमी होतो, हे लक्षात आलं. पुढे पॅरिसजवळच्या झावेलच्या कारखान्यात क्लोरीन पोटॅशच्या पाण्यात मुरवून विकायला सुरुवात झाली. फ्रान्समध्ये ब्लीचला आजही झावेलचं पाणी म्हणतात.

खरी गोम इथेच आहे. पोटॅशऐवजी आता सोडियम आलंय, पण बाटलीत क्लोरीनला क्षारानंच बांधून ठेवलेलं असतं. ॲसिड पडलं की ती गाठ सुटते आणि वायू मोकळा होतो. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, सगळं यात आलं. अमोनियाचा क्लीनरही चालत नाही, त्यातून वेगळेच विषारी वायू निघतात. चुकून मिसळलंच, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत जायचं. बादली नंतर.

क्लोरीन किती खोडकर आहे, हे बर्थोलेला आणखी वाईट पद्धतीनं कळलं. क्लोरीनपासूनच त्यानं पोटॅशियम क्लोरेट बनवलं होतं. १७८८ मध्ये एसोन इथं त्याची बंदुकीची दारू करून पाहताना स्फोट झाला आणि दोघांचा जीव गेला. तिथंच असलेले बर्थोले आणि लव्हाझिए थोडक्यात वाचले.

ब्लीचमधून मात्र त्यानं पैसा केला नाही. १७८६ मध्ये पॅरिसला आलेल्या जेम्स वॅटला त्यानं पद्धत दाखवून टाकली. वॅटचे सासरे ग्लासगोला कापड पांढरं करण्याच्याच धंद्यात! पुढे १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटनं ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं आणि गडगंज झाला. बर्थोले मात्र कर्जात अडकला, तेव्हा नेपोलियननं ते फेडायला मदत केली. १८२२ मध्ये पॅरिसजवळच्या आर्कई इथं तो वारला.