दावॉन कांग: तुमच्या फोनमधल्या अब्जावधी स्विचमागचा माणूस

तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्याच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी छोटे स्विच आहेत. तुम्ही स्क्रीन वर सरकवली की ते चालू-बंद होत राहतात. या स्विचचं नाव मॉसफेट. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी मॉसफेटचे ग्राफ काढून भरपूर मार्क मिळवले. पण तो बनवला कुणी, हे ना कुणी शिकवलं, ना मी विचारलं. नोकरीला लागल्यावर कधीतरी ते नाव वाचलं: दावॉन कांग.

सोल ते ओहायो

कांग यांचा जन्म १९३१ चा, सोलमधला. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. पुढे स्वातंत्र्य मिळालं, देशाची फाळणी झाली आणि १९५० ते १९५३ युद्धात गेली. अशा दिवसांत कांग यांनी सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत फिजिक्स केलं आणि १९५५ मध्ये ते अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला गेले.

त्या काळी अमेरिकेत कायमचं राहायला येणाऱ्या कोरियन लोकांसाठी वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. विद्यार्थी म्हणून जाता यायचं, पण तिथे आपली माणसं मोजकीच. कोरियन इंजिनिअर्सची देशभर पसरलेली संघटना वगैरे तेव्हा नव्हतीच.

१९५९ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पीएचडी झाली आणि कांग न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये रुजू झाले. ट्रान्झिस्टरचा जन्म याच लॅबमध्ये झाला होता.

नळाची तोटी

तिथे त्यांची जोडी जमली मोहम्मद अटाला यांच्याशी. अटाला इजिप्तमधून आलेले, म्हणजे दोघंही परदेशी. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून बसायचे आणि बाहेरून दिलेला व्होल्टेज आतपर्यंत पोचायचाच नाही, हा त्या वेळचा मोठा प्रॉब्लेम. सिलिकॉन तापवून त्यावर ऑक्साइडचा शुद्ध थर वाढवला की हा त्रास खूप कमी होतो, हे अटाला यांनी दाखवलं होतं.

या थरावर दोघांनी धातूचं एक टोक ठेवलं, तेच गेट. मॉसफेट म्हणजे पाण्याचा नळ समजा. गेट ही त्याची तोटी. गेटवर व्होल्टेज दिला की खाली वाट तयार होते आणि करंट वाहतो. व्होल्टेज काढला की वाट बंद. गंमत म्हणजे ही तोटी पाण्याला हातही लावत नाही, मध्ये ऑक्साइड असतो. १९६० मध्ये पिट्सबर्गच्या एका कॉन्फरन्समध्ये हे काम जगासमोर आलं.

फाइलमध्ये राहिलेला मेमो

तुम्हाला वाटेल, लगेच टाळ्या पडल्या असतील. तसं काही झालं नाही. हा ट्रान्झिस्टर तेव्हाच्या बायपोलर ट्रान्झिस्टरपेक्षा हळू होता, शिवाय लहरी. १९६१ मध्ये कांग यांनी कंपनीत एक मेमो लिहिला. हा स्विच बनवायला सोपा आहे आणि एकाच चिपवर असे अनेक बसवता येतील, असा त्याचा मुद्दा होता. बेल लॅब्सनं तो फारसा पुढे नेला नाही. आरसीए आणि फेअरचाइल्ड या दुसऱ्या कंपन्यांनी मात्र मॉस तंत्रज्ञान उचललं. मग १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ प्रोसेसर आला. त्यात २,३०० मॉस ट्रान्झिस्टर होते.

हे वाचताना मला माझंच एक डिझाइन डॉक्युमेंट आठवलं. पहिल्या नोकरीत रात्री जागून लिहिलेलं, ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला पडलेलं. आपलं डॉक्युमेंट काही मॉसफेट नव्हतं म्हणा! पण मी महिनाभर रुसून बसलो होतो. कांग रुसले असतील-नसतील, काम मात्र त्यांनी थांबवलं नाही.

१९६७ मध्ये त्यांनी तैवानहून आलेल्या सायमन झी यांच्याबरोबर फ्लोटिंग गेट शोधला. कॅन्टीनमध्ये थरांचा केक खाताना ही कल्पना सुचली, अशी आठवण झी पुढे सांगायचे. ऑक्साइडमध्ये चारी बाजूंनी बंद असलेलं एक जास्तीचं गेट ठेवायचं. त्यात शिरलेला चार्ज वीज गेली तरी आतच राहतो, म्हणजेच मेमरी. पहिल्या प्रयोगात तो तासाभरापेक्षा जास्त टिकला. पुढे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि फोनचं स्टोरेज याच कल्पनेतून आलं. आजच्या बऱ्याच चिपमध्ये चार्ज साठवायची पद्धत थोडी बदललीय, पण चार्ज कोंडून ठेवायचा, हे सूत्र तेच आहे.

एकटा माणूस, मग गोतावळा

१९६५ मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला आणि कोरियाहून येणाऱ्यांची संख्या वाढू लागली. १९७१ मध्ये कोरियन-अमेरिकन सायंटिस्ट्स अँड इंजिनिअर्स असोसिएशन, म्हणजे केएसईए, उभी राहिली. गावोगावी शाखा, कॉन्फरन्स, मुलांसाठी स्कॉलरशिप आणि गणित-विज्ञानाच्या स्पर्धा. नव्यानं आलेल्या पोराला ओळख दाखवणारं कुणीतरी आता होतं.

या येण्याजाण्यातून ज्ञान उलट दिशेनंही वाहिलं. ओहायो स्टेटमध्येच शिकलेले कांग की-दोंग कोरियात परतले आणि १९७४ मध्ये त्यांनी तिथे चिप बनवणारी कंपनी काढली. त्याच वर्षी सॅमसंगनं त्यात हिस्सा घेतला. पुढे अमेरिकेतल्या कोरियन इंजिनिअर्सना हाताशी धरून सॅमसंगनं १९८३ मध्ये ६४ किलोबिटची डीरॅम बनवली. त्यातली प्रत्येक पेशीही मॉसफेटवरच चालते.

दावॉन कांग १९८८ मध्ये बेल लॅब्समधून निवृत्त झाले आणि प्रिन्स्टनच्या एनईसी रिसर्च इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष झाले. मे १९९२ मध्ये एका कॉन्फरन्सहून परतताना त्यांच्या महाधमनीचा फुगा फुटला. तातडीनं ऑपरेशन झालं, पण ते वाचले नाहीत. वय ६१. त्याच वर्षी सॅमसंग डीरॅममध्ये जगात पहिल्या नंबरवर गेली.

नोबेल त्यांना मिळालं नाही, आणि ते मरणोत्तर देतही नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं २००९ मध्ये, जाऊन १७ वर्षं झाल्यावर. कोरियातल्या सेमीकंडक्टर कॉन्फरन्समध्ये २०१७ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार देतात. शेवटी आठवण ठेवली ती त्याच क्षेत्रातल्या, त्यांच्याच माणसांनी.

मला दुसरी नोकरी मिळाली ती कॉलेजच्या एका सीनिअरनं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या दोन ओळींमुळे. आता त्या ग्रुपवर ज्युनिअर काही विचारतो, तेव्हा मी ‘बघू नंतर’ म्हणत नाही.