आदोल्फ केग्रेस

आदोल्फ केग्रेस (जन्म : २० जून १८७९, एरिकूर, फ्रान्स, मृत्यू : १९४३, क्रोआसी-सुर-सेन, फ्रान्स) हे फ्रेंच अभियंते व संशोधक होते. पुढे चाके आणि मागे लवचिक पट्टे असलेल्या हाफ-ट्रॅक वाहनांमुळे त्यांना हयातीतच कीर्ती लाभली. मोटारींमधील दुहेरी क्लच गिअरबॉक्सच्या कल्पनेचे जनकत्वही सामान्यतः त्यांच्याकडे दिले जाते. मात्र ही कल्पना त्यांच्या हयातीत कोणत्याही विक्रीच्या मोटारीत आली नाही.

रशियातील वास्तव्य

केग्रेस १९०५च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला गेले आणि झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यात रुजू झाले. पुढे ते तेथील तांत्रिक विभागाचे प्रमुख झाले. रशियातील हिवाळ्यात राजघराण्याच्या मोटारी बर्फात रुतून बसत. यावर उपाय म्हणून केग्रेस यांनी मागची चाके काढून त्यांच्या जागी लहान चाकांवरून फिरणारा अखंड लवचिक पट्टा बसवला व पुढच्या चाकांना घसरपट्ट्या जोडल्या. पोलादी साखळीपट्ट्यांच्या तुलनेत हा पट्टा हलका होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात ही रचना ऑस्टिन चिलखती गाड्यांसाठी स्वीकारण्यात आली आणि पेट्रोग्राडच्या पुतिलोव्ह कारखान्यात अशा गाड्या तयार झाल्या. १९१७च्या क्रांतीनंतर केग्रेस फ्रान्सला परतले. त्यांनी सोडलेल्या देशात मात्र त्यांची वाहने यादवी युद्धातही वापरात राहिली.

सित्रोएन आणि मोहिमा

फ्रान्समध्ये झाक हिन्स्टिन यांच्या सहकार्याने केग्रेस यांची रचना आंद्रे सित्रोएन यांच्यापर्यंत पोहोचली. डिसेंबर १९२२मध्ये ज्योर्ज-मारी हार्ट आणि लुई ओदुआँ-दुब्रेई यांच्या नेतृत्वाखाली पाच सित्रोएन-केग्रेस गाड्या अल्जीरियातील तुगूर्त येथून निघाल्या आणि सहारा ओलांडून जानेवारी १९२३मध्ये टिंबक्टूला पोहोचल्या. १९३१-३२च्या आशिया मोहिमेतील एक तुकडी श्रीनगरहून गिलगिटपर्यंत गेली. वाट खचलेल्या ठिकाणी गाड्यांचे भाग सुटे करून हमालांकरवी वाहून न्यावे लागले, आणि गिलगिटपुढील डोंगराळ प्रवास घोड्यांवरून व पायी करण्यात आला. कठीण रस्त्यावर पट्ट्यांची झीज लवकर होत असे, हे या रचनेचे मोठे उणेपण होते.

दुहेरी क्लचची कल्पना

साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना इंजिनाची शक्ती क्षणभर चाकांपासून तुटते. १९३९मध्ये केग्रेस यांनी एकाच गिअरबॉक्सला दोन क्लच देण्याची योजना मांडली. एका क्लचकडे विषम क्रमांकाचे गिअर आणि दुसऱ्याकडे सम क्रमांकाचे. एक गिअर चालू असतानाच पुढचा दुसऱ्या बाजूला तयार ठेवला जातो. मग पहिला क्लच सुटत असताना दुसरा लागतो आणि शक्तीचा ओघ जवळजवळ अखंड राहतो. सित्रोएनच्या त्राक्सियों आव्हाँ मोटारीत ती वापरावी, अशी त्यांची इच्छा होती. ती फळाला आली नाही. सित्रोएन कंपनी १९३४मध्येच दिवाळखोरीत निघाली होती आणि लगेचच युद्ध सुरू झाले. दोन क्लचची देवघेव अचूक क्षणी घडवणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे तेव्हा नव्हती, हेही खरे. जर्मनीत डार्मश्टाट येथील प्राध्यापक रुडोल्फ फ्रांके यांनीही १९४०च्या सुमारास अशाच रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला होता. म्हणून केग्रेस यांना एकमेव जनक म्हणण्यापेक्षा पहिल्या मांडणीकारांपैकी एक म्हणणे अधिक योग्य ठरेल.

ही कल्पना १९८०च्या दशकात पोर्शच्या शर्यतीच्या गाड्यांत यशस्वी झाली आणि २००३मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२द्वारे विक्रीच्या मोटारींत आली. या गिअरबॉक्सचे आयुष्य मुख्यतः क्लचमधील उष्णतेवर अवलंबून असते. तेलात बुडालेले, म्हणजे ओले क्लच उष्णता चांगली सोसतात, पण ते तेल क्लचच्या झिजेने मलिन होत असल्याने वेळेवर बदलावे लागते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरांच्या रचनेसाठी हे अंतर साधारण ६०,००० किलोमीटर आहे. कोरड्या क्लचना थंड करणारे तेल नसते. त्यामुळे वाहतूक कोंडीत इंचाइंचाने सरकणे किंवा चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने गाडी रोखून धरणे त्यांना विशेष मारक असते, कारण अशा वेळी क्लच पूर्ण न लागता घसरत राहतो. दोष दर वेळी चालकाचाच असतो असे नाही : २०१३मध्ये गिअरबॉक्समधील बिघाडांमुळे फोक्सवॅगनला चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या.

अखेरची वर्षे

१९४०मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर केग्रेस यांनी बनवलेल्या एका लहान पट्टावाहनाचा नमुना जर्मनांच्या हाती लागला. त्यावरून दुरून चालवता येणारे गोलियाथ हे स्फोटकवाहन विकसित झाले. दुसऱ्या बाजूला, अमेरिकी सैन्याने विकत घेतलेल्या सित्रोएन-केग्रेस गाड्यांपासून सुरू झालेले प्रयोग पुढे एम२ व एम३ हाफ-ट्रॅकपर्यंत पोहोचले. अशा रीतीने युद्धातील दोन्ही पक्षांकडे त्यांच्या कामाची वंशावळ दिसते. युद्ध संपण्यापूर्वीच, १९४३मध्ये, त्यांचे निधन झाले.

लेनिन यांनी वापरलेली, केग्रेस पट्टे बसवलेली रोल्स-रॉइस मोटार मॉस्कोजवळील गोर्की लेनिन्स्किये येथील संग्रहालयात आजही जतन केलेली आहे.