तिकिटावरील सावित्री

भारतीय टपालखात्यानें १३ फेब्रुवारी २०११ रोजीं सहा दिवंगत अभिनेत्रींचीं तिकिटें काढिलीं. त्यांत नूतन यांच्याबरोबर तेलुगू व तामिळ चित्रपटांतील सावित्री याही होत्या. गुंटूर जिल्ह्यांतील चिर्रावूरु गांवीं जन्मलेली ही मुलगी शैशवींच पित्यास मुकली. १९५७ च्या ‘मायाबजार’मध्यें त्या शशिरेखा, म्हणजे आमच्या आख्यानांतील बलरामकन्या वत्सला, झाल्या. घटोत्कच तिचें रूप घेतो. तेव्हां त्या कोमल देहांतील राक्षसी दर्पही सावित्रींनींच दाखविला. त्यांच्या कलेचें सारें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. १९६८ मध्यें त्यांनीं ‘चिन्नारि पापलु’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढें संपत्ति गेली, मद्यानें देह पोखरला. कित्येक महिने बेशुद्ध राहून २६ डिसेंबर १९८१ रोजीं त्या निवर्तल्या. तिकीट निघालें तें त्यानंतर २९ वर्षांनीं.