लुई शेवरोले : गाडीवरच्या नावामागचा माणूस

विद्यार्थी मित्रांनो, शेवरोले हे नाव तुम्ही गाड्यांवर वाचलं असेल. पुण्याजवळ तळेगावलाही या नावाच्या गाड्या बनत होत्या. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? चला, त्यांची ओळख करून घेऊ या.

लुई शेवरोले यांचा जन्म २५ डिसेंबर १८७८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. वडील घड्याळजी होते. पुढे कुटुंब फ्रान्समध्ये गेलं. तिथे लुई सायकली दुरुस्त करायला शिकले. १९०० साली ते कॅनडाला आणि तिथून अमेरिकेला गेले. १९०५ पासून मोटार शर्यतींत त्यांचं नाव गाजू लागलं.

हे गाजलेलं नाव विल्यम ड्युरंट या उद्योजकाला हवं होतं. ३ नोव्हेंबर १९११ रोजी डेट्रॉइटमध्ये दोघांनी शेवरोले कंपनी काढली. पहिली गाडी सहा सिलिंडरची, दणकट; किंमत २१५० डॉलर. फोर्डची गाडी मात्र कितीतरी स्वस्त होती. त्यामुळे ड्युरंटना स्वस्त गाडी हवी होती, तर लुईंना ताकदवान. दोघांचं बिनसलं. १९१३ मध्ये लुई बाहेर पडले, पुढे शेअरही विकले. नाव मात्र कंपनीकडेच राहिलं! ड्युरंटनी पुढे ४९० डॉलरची गाडी आणली, ती धडाक्यात खपली. १९१८ साली कंपनी जनरल मोटर्समध्ये गेली.

लुई गप्प बसले नाहीत. त्यांनी शर्यतीच्या गाड्या बनवल्या. १९२० ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्यांचा धाकटा भाऊ गॅस्टन त्यांच्याच गाडीतून जिंकला. पण त्याच वर्षी तो दुसऱ्या शर्यतीत अपघातात गेला. नंतर विमानाच्या इंजिनाचा धंदा बुडाला. मंदी आली. शेवटी लुई शेवरोलेच्याच कारखान्यात मेकॅनिक म्हणून कामाला लागले. दारावर स्वतःचं नाव आणि आत आपण पगारी कामगार! विचार करा, काय वाटलं असेल त्यांना? ६ जून १९४१ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर २५ वर्षांनी, १९६६ मध्ये, याच कंपनीने फोर्डच्या मस्टँगला टक्कर द्यायला कॅमॅरो आणली. मोठ्या व्ही-८ इंजिनाची कॅमॅरो 'मसल कार' म्हणून जगभर गाजली. म्हणजे ताकदवान गाडीचं लुईंचं वेड खोटं नव्हतं.

मित्रांनो, यातून काय शिकायचं? हातात कला हवीच. पण सही करताना आपण काय देऊन टाकतोय, तेही नीट वाचायला हवं.