दाणे चावून गव्हाचा वाण निवडणारा शास्त्रज्ञ : चार्ल्स साँडर्स

कॅनडाच्या पश्चिम भागातील गव्हाची शेती ज्या ‘मार्क्विस’ वाणाने उभी केली, त्याचे एक पालक आपल्याकडचे होते. कलकत्ता बंदरातून जाणारा, लवकर पिकणारा ‘हार्ड रेड कलकत्ता’ आणि कॅनडातील ‘रेड फाइफ’ यांचा संकर १८९२ मध्ये पर्सी साँडर्स यांनी केला. रेड फाइफचा पाव उत्तम होई, पण तो उशिरा पिके. कापणीआधीच दहिवर पडले की हाती आलेले पीक जाई.

या संकरातून वाण काढला तो पर्सी यांचे भाऊ चार्ल्स यांनी. जन्म १८६७, शिक्षण रसायनशास्त्रात डॉक्टरेटपर्यंत. ओढा मात्र संगीताकडे. काही वर्षे ते गायन शिकवत होते. वडील विल्यम हे सरकारी प्रयोगक्षेत्रांचे प्रमुख. त्यांनीच १९०३ मध्ये मुलाला ओटावा येथे तृणधान्यांच्या कामावर आणले. वशिल्याची नेमणूक म्हणता येईल, पण ती देशाला लाभली.

संकराच्या पुढच्या पिढ्यांत सरमिसळ होती. चार्ल्स यांनी एकेक ओंबी वेगळी काढली आणि प्रत्येकीचे दाणे स्वतंत्र ओळीत पेरले. दर्जा तपासायला मूठभर दाणेही पुरेसे नव्हते, मग ते चार दाणे चावत. चावताना पिष्ट लाळेबरोबर निघून जाते आणि ग्लुटेनचा चिवट गोळा तोंडात उरतो. तो ताणला जातो की तुटतो, यावरून ओळ ठेवायची की टाकायची ते ठरे. बियाणे वाढल्यावर छोट्या चक्कीत पीठ काढून पाव भाजून पाहत.

त्यांच्या दाताखाली काय येत होते, हे आज जनुकांच्या भाषेत सांगता येते. पावाच्या गव्हात ए, बी आणि डी असे तीन जनुकसंच असतात. तिन्हींच्या पहिल्या गुणसूत्रावर मोठ्या रेणूंच्या ग्लुटेनिन प्रथिनांची जनुके आहेत. त्यातही डी संचातील ‘५+१०’ ही जोडी असेल, तर ‘२+१२’ च्या तुलनेत कणीक सहसा अधिक ताकदवान होते. प्रथिने किती, हे नत्राची मात्रा आणि हवामानावर बरेच अवलंबून असते. ती कोणत्या प्रकारची, हे वाणच ठरवतो. म्हणून चुकीच्या वाणाला युरिया वाढवून पावाचा गहू करता येत नाही. चपातीला मात्र इतकी ताठ कणीक लागतच नाही.

मार्क्विस रेड फाइफपेक्षा सुमारे आठवडाभर आधी पिके. १९०९ पासून बियाणे शेतकऱ्यांकडे गेले. १९११ मध्ये सीगर व्हीलर या शेतकऱ्याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात याच गव्हावर पहिले बक्षीस मिळवले. १९२० पर्यंत पश्चिम कॅनडातील बहुतेक गहू मार्क्विस होता. दोष एकच, पण मोठा : तो खोडावरील तांबेऱ्याला बळी पडे. १९१६ च्या साथीत शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले.

पगार आणि पद या मापाने साँडर्स यांची कारकीर्द साधीच ठरते. प्रकृतीमुळे १९२२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. ते वाढले ते शेतकऱ्यांच्या आग्रहामुळे. माझ्या मते, शेती संशोधकाच्या कामाचे याहून खरे मूल्यमापन कोणत्याही गोपनीय अहवालात सापडणार नाही. निवृत्तीनंतर ते पॅरिसला जाऊन फ्रेंच साहित्य शिकले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर मार्क्विसची जागा ‘थॅचर’ हा तांबेरा सहन करणारा वाण घेऊ लागला होता. त्याच्या संकरात मार्क्विस दोनदा वापरला आहे.